पैसा पोंचणें आणि पैसा राहणें

गडब हें पेण तालुक्यांतील खारेपाटाचें गांव. वडखळहून नागोठण्याकडे जातांना मुंबई-गोवा रस्त्यावर तें लागतें. एकीकडे भाताचीं खाचरें व खाऱ्या पाण्यास अडविणारे बांध, आणि दुसरीकडे डोलवीच्या पोलादी कारखान्याचीं धुराडीं, असा दोन युगांचा शेजार ह्या टापूंत पाहावयास मिळतो. ह्या गांवच्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यास मध्यंतरी आखातांत नोकरी मिळाली. निघण्यापूर्वीं तो आईला घेऊन माझ्या घरीं आला. पगाराचें खातें कोणत्या बँकेंत काढावें आणि घरीं पैसे कोणत्या मार्गानें धाडावे, हा त्याचा प्रश्न होता. मी उत्तराची जुळवाजुळव करीत होतों, इतक्यांत ती माउली म्हणाली, "सर, पैसे येतील हो; पण आल्यावर ठेवायचे कुठे?"

मुलाचा प्रश्न मार्गाचा होता आणि आईचा मुक्कामाचा. हे दोन प्रश्न आपण सामान्यतः एकच समजतों, आणि बँक निवडली कीं दोन्ही सुटले असें मानतों. परंतु आपल्या लोकांच्या स्थलांतराचा गेल्या दोनशें वर्षांचा इतिहास पाहिला, तर हे प्रश्न अगदीं निराळे आहेत असें दिसून येतें. पहिल्याचें उत्तर गरिबाला मिळून जवळजवळ दीडशें वर्षें होत आलीं. दुसऱ्याचें उत्तर अद्यापि अर्धेंच मिळालें आहे. पैसा घरीं पोंचविण्याची व्यवस्था एकदां बसली ती बसली. पोंचलेला पैसा सुरक्षित कसा ठेवावा हें मात्र प्रत्येक पिढीला नव्यानें, आणि बहुधा आपलें नुकसान करून घेऊन, शिकावें लागलें. ह्या इतिहासाचें स्थूल दर्शन वाचकांस घडवावें एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

दूरदेशीं पैसा पाठविण्याचें आपल्याकडील जुनें साधन म्हणजे हुंडी. एका पेठेच्या सावकारानें दुसऱ्या पेठेंतील आपल्या आडत्यास 'अमक्यास इतके रुपये द्यावे' असें लिहावयाचें, आणि नाणें जागचें न हालतां रक्कम मात्र हालावयाची, हें तिचें मर्म. दाखवितांच पैसे द्यावयाचे ती दर्शनी, ठरल्या मुदतीनें द्यावयाचे ती मुदती. बाजारांत ज्याची पत आहे अशा शहाच्या मार्फतच रक्कम दिली जावी म्हणून शाहजोग हुंडीची रीति पडली. हुंडी गहाळ झाल्यास पेठ, आणि तीहि गहाळ झाल्यास परपेठ लिहून देत. ह्या सर्व व्यवहाराचा मोबदला ती हुंडणावळ; वाटेच्या जोखमीप्रमाणें व दोन पेठांतील नाण्याच्या चणचणीप्रमाणें ती चढे-उतरे. रचना म्हणून पाहिलें तर हुंडी कोणत्याहि देशाच्या व्यापारी कागदास हार जाणारी नव्हती. परंतु तिचा सारा पाया ओळखीचा. ज्याची पेढीवर ओळख आणि पत, त्याचीच हुंडी.

१८५४ सालीं मुंबईंत पहिल्या कापडगिरणीची कंपनी स्थापन झाली, आणि पुढील तीसचाळीस वर्षांत गिरण्या, गोद्या व रेल्वे ह्यांनीं कोंकणांतील माणूस हजारोंनीं ओढून नेला. रत्नागिरीचा वांटा सर्वांत मोठा, पण कुलाबा जिल्हा तर मुंबईच्या दारांतच. मुंबईहून मचव्यानें किंवा पुढें आगबोटीनें धरमतरच्या खाडींत यावें आणि तेथून पायीं वा गाडीनें घर गांठावें, असा खारेपाटाच्या लोकांचा रस्ता. ह्या माणसाजवळ महिन्याकांठीं चारसहा रुपये उरत. एवढ्याशा रकमेची हुंडी लिहून देणार कोण, आणि दिली तरी ती गांवीं वटविणार कोण? म्हणून त्याच्यापुढें दोनच वाटा होत्या: सणाला स्वतः कनवटीला लावून पैसे न्यावे, नाहीं तर गांवीं जाणाऱ्या एखाद्या भाऊबंदाच्या हातीं द्यावे. पहिल्या वाटेनें पैसा वर्षांतून एकदांच पोंचे. दुसरीनें तो पोंचला कीं नाहीं, पुरता पोंचला कीं कमी, हें समजण्यास पुढचा सण उजाडावा लागे.

समुद्रापलीकडे गेलेल्याची स्थिति ह्याहून बिकट होती. १८३४ पासून मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांवर हिंदी मजूर करारानें जाऊं लागले आणि १९१० पर्यंत त्या बेटावर साडेचार लाखांच्या आसपास माणसें उतरलीं. त्यांतील बहुसंख्य लोक बिहार व मद्रास इलाख्यांतील; परंतु मुंबई बंदरांतून कोंकणचा व साताऱ्याकडचा मराठी माणूसहि गेला, आणि त्याचे वंशज तेथें आजहि मराठी समाज म्हणून नांदत आहेत. महिना पांच रुपये आणि शिधा हा त्या कराराचा रूढ दर. सुमारें एकतृतीयांश लोक परत आले; त्यांची शिल्लक बहुधा त्यांच्याबरोबरच आली. जे परत आले नाहींत त्यांच्या घरच्यांनीं पैशाची वाट पाहिली कीं माणसाची, हें सांगणें कठीण आहे. हिंदी माणसांबरोबर रुपयाचें चलन मात्र त्या बेटावर इतकें रुजलें कीं, १८७६ मध्यें मॉरिशसनें रुपया हेंच आपलें नाणें ठरविलें.

ही अडचण दूर झाली ती १८८० मध्यें. तत्पूर्वीं, १८६२ पासून, सरकारी खजिन्यामार्फत मनीऑर्डर पाठविण्याची सोय होती. परंतु खजिना जिल्ह्याच्या ठिकाणीं, आणि पैसे घेणाऱ्यानें तेथवर जावयाचें. खारेपाटांतल्या म्हातारीनें दहा रुपयांसाठीं अलिबागेस जाऊन कचेरींत उभें राहावें, ही सोय नव्हे. १ जानेवारी १८८० पासून हें काम टपालखात्याकडे आलें आणि त्याचें स्वरूपच पालटलें. दहा रुपयांपर्यंतच्या रकमेस दोन आणे, म्हणजे शेंकडा सव्वा रुपया, एवढी हुंडणावळ. पैसे पाठविणाऱ्याची पत कोणी विचारीत नसे, आणि घेणाऱ्यास दाराबाहेर जावें लागत नसे. पोस्टमन दारीं येई, नांव पुकारी, रुपये मोजून देई; सही येत नसेल तर अंगठा उठवून घेई आणि साक्षीदाराची सही घेई. फॉर्मचा एक तुकडा घरीं राही. त्यावर दोन ओळींचा मजकूर लिहिण्यास जागा असे. दुसरा तुकडा, म्हणजे पोंचपावती, तो अंगठा घेऊन मुंबईस पाठविणाऱ्याकडे परत जाई.

ह्या पोंचपावतीचें महत्त्व अर्थशास्त्राच्या ग्रंथांत फारसें सांगितलेलें आढळत नाहीं, पण माझ्या मतें मनीऑर्डरीचें खरें यश तींत होतें. हुंडींत सावकाराचा सावकारावर विश्वास असे. मनीऑर्डरींत परळच्या चाळींतल्या मजुराला आपल्या आईचा अंगठा परत पाहावयास मिळे. आपला पैसा नेमक्या त्याच हातीं पडला, मधल्या कोणाच्या नाहीं, ही खात्री निरक्षर माणसालाहि करून घेतां येई. पैसा पोंचण्याचा प्रश्न येथें तत्त्वतः सुटला. पुढें तारेची मनीऑर्डर आली, विमानाची टपाल आली, बँकांचे ड्राफ्ट आले, आणि आतां तर रक्कम क्षणार्धांत खात्यावर जमा होते; परंतु ह्या साऱ्या सुधारणा वेगाच्या आहेत. पाठविणाऱ्यास पावती आणि घेणाऱ्यास घरपोंच रक्कम, हें तत्त्व १८८० चेंच. कोंकण हा मनीऑर्डरीवर जगणारा मुलूख असें जें म्हटलें जाऊं लागलें तें उगाच नव्हे.

तरी जुनी संवय एकदम गेली नाहीं. सणासुदीला माणूस स्वतः जाई तेव्हां पैसाहि त्याच्याबरोबरच जाई. १७ जुलै १९४७ रोजीं, आषाढ अमावास्येच्या सुमारास, मुंबईहून रेवसकडे निघालेली 'रामदास' आगबोट वादळी समुद्रांत उलटली आणि सहाशेंहून अधिक माणसें बुडालीं. कुलाबा जिल्ह्यांतील कित्येक गांवांत त्या दिवशीं एकाच वेळीं अनेक घरांत सुतक आलें. त्या प्रवाशांत सणाकरितां घरीं निघालेले चाकरमाने पुष्कळ होते. त्यांच्या कनवटीला काय होतें तें कोणीं मोजलें नाहीं, आणि मोजण्याचें कारणहि नव्हतें. परंतु माणूस व त्याची कमाई एकाच नावेंत असण्याचा अर्थ काय, तो त्या दिवशीं ह्या जिल्ह्यास कळला.

आतां आईच्या प्रश्नाकडे वळूं. मनीऑर्डर दारीं आली, पुढें काय? कुलाब्याच्या कुळाच्या घरीं ती फार वेळ टिकत नसे. जमीन खोताची वा सावकाराची, मक्ता धान्याचा, आणि पावसाळ्यापूर्वीं काढलेल्या कर्जावर व्याज चढलेलें. मुंबईहून आलेले रुपये पोस्टमनच्या हातून आईच्या हातीं आणि आईच्या हातून त्याच दिवशीं सावकाराच्या वहींत जात. ह्या जिल्ह्यांतील कुळांची स्थिति किती टोंकास गेली होती, ह्याची साक्ष अलिबाग तालुक्यांतील चरीचा संप देतो. १९३३ पासून १९३९ पर्यंत, तब्बल सहा वर्षें, तेथील शेतकऱ्यांनीं नारायण नागू पाटील ह्यांच्या नेतृत्वाखालीं जमिनी पडीक ठेवल्या. खोतीची पद्धत कायद्यानें नाहींशी होण्यास त्यानंतरहि दहा वर्षें लागलीं. जेथें देण्याचाच डोंगर उभा, तेथें ठेवण्याचा प्रश्न उद्भवत नाहीं, असें कोणी म्हणेल. पण ज्या थोड्यांच्या घरीं चार रुपये शिल्लक राहत, त्यांनीं ते ठेवावे तरी कोठें?

सरकारनें ह्याचें एक उत्तर मनीऑर्डरीपाठोपाठ दिलें. १ एप्रिल १८८२ पासून टपालकचेऱ्यांत बचतबँक सुरू झाली आणि चार आण्यांपासून ठेव घेण्यांत येऊं लागली. मनीऑर्डर जेथें येई तेथेंच ती ठेवतां यावी, हा त्यांतील विचार उत्तम होता. ठेवीची हमी सरकारची. व्याज बेताचें, पण मुद्दल बुडण्याचें भय नाहीं. आश्चर्य असें कीं, मनीऑर्डर जितकी घरोघरीं पोंचली तितकें बचतबँकेचें पासबुक पोंचलें नाहीं. कारण उघड आहे. पोस्टमन दारीं येत असे. बचतबँकेंत आपणांस जावें लागे, फॉर्म भरावे लागत, आणि लिहितां न येणाऱ्यास दुसऱ्याचें तोंड पाहावें लागे. म्हणून पुष्कळांचा पैसा मडक्यांत, दागिन्यांत किंवा ओळखीच्या शेटजीकडे राहिला.

मग बँका काय करीत होत्या? बँकांचा इतिहास ह्या बाबतींत फारसा धीर देणारा नाहीं. सरकारचे भाग असलेली बँक ऑफ बॉम्बे १८४० मध्यें निघाली. अमेरिकेंतील यादवीमुळें १८६१ ते १८६५ ह्या वर्षांत मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या धुंदींत समुद्र हटवून जमीन करण्याच्या व तशाच नाना प्रकारच्या कंपन्यांचे भाग वाटेल त्या किंमतीस विकले गेले, आणि ह्याच बँकेनें त्या भागांच्या तारणावर बेसुमार कर्जें दिलीं. यादवी संपली, कापूस उतरला, १ जुलै १८६५ ला मुदतीचे सौदे पुरे करण्याची वेळ येतांच बाजार कोसळला, आणि १८६८ मध्यें बँकेचा कारभार गुंडाळावा लागला. त्याच नांवाची नवी बँक त्याच वर्षीं उभी राहिली ही गोष्ट खरी. परंतु सरकारचा हात पाठीशीं असलेली बँकहि बुडूं शकते, हा धडा मुंबईनें तेव्हांच घेतला. १९१३ मध्यें मुंबईची इंडियन स्पेसी बँक चांदीच्या सट्ट्यापायीं बुडाली आणि तिच्याबरोबर स्वदेशीच्या उत्साहांत निघालेल्या कित्येक लहान बँकांचें दिवाळें वाजलें. १९६० मध्यें केरळांतील पलाई सेंट्रल बँक आणि आपल्या अकोल्याची लक्ष्मी बँक ह्या दोन बँका बंद पडल्या, तेव्हां कोठें सरकारला जाग आली आणि १ जानेवारी १९६२ पासून ठेवींचा विमा सुरू झाला. त्याची मर्यादा माणशीं दीड हजार रुपये! म्हणजे मनीऑर्डरीची पोंचपावती १८८० मध्यें, आणि ठेवीची पहिली हमी तिच्यानंतर ब्यायशीं वर्षांनीं.

येथें दुसऱ्याहि एका स्थलांतरिताचा उल्लेख केला पाहिजे. तो म्हणजे हिंदुस्थानांत नोकरीस आलेला इंग्रज. घरीं पैसे पाठविण्याचा प्रश्न त्याचाहि होता. त्याच्या दिमतीस लंडनची ग्रिंडले ह्यांच्यासारख्या पेढ्या आणि चार्टर्ड बँकेसारख्या हुंडणावळीच्या बँका होत्या. तरी १८७३ नंतर चांदी उतरूं लागली आणि पूर्वीं सुमारें दोन शिलिंगांस जाणारा त्याचा रुपया १८९४-९५ मध्यें तेरा पेन्सांवर आला. पगार तोच, पैसा पोंचतोहि तसाच, पण पोंचेपर्यंत त्याचें जवळजवळ निम्में पाणी होतें, असा हा प्रकार. ह्या अधिकाऱ्यांनीं ओरड केली, आणि १८९३ मध्यें त्यांना हुंडणावळीची भरपाई म्हणून स्वतंत्र भत्ता सरकारी तिजोरींतून मिळाला. डॉ. आंबेडकर ह्यांनीं १९२३ मध्यें प्रसिद्ध केलेल्या रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधांत ह्या काळाचें मार्मिक विवेचन केलें आहे. आपल्या दृष्टीनें त्यांतला बोध एवढाच कीं, परदेशांतून येणाऱ्या पैशाला वाटेंतल्या चोराइतकेंच हुंडणावळीच्या दराचें भय असतें. आणि तें भय सोसण्यास इंग्रज साहेबाला जो भत्ता मिळाला तो दुसऱ्या कोणत्याहि स्थलांतरिताला पुढें मिळाला नाहीं.

आखातांत जाणाऱ्या आपल्या माणसाला कांहीं काळ ह्या भयापासून आपोआप मुक्तता होती, ही आजच्या तरुणांना नवलाची वाटेल अशी गोष्ट आहे. मस्कतला १८६४ मध्यें, बहारीनला १८८४ मध्यें आणि दुबईला १९०९ मध्यें हिंदी टपालकचेरी निघाली. तेथें हिंदुस्थानचींच तिकिटें चालत आणि हिंदुस्थानचाच रुपया चाले. ही स्थिति टपालाच्या बाबतींत १९४७ पर्यंत आणि रुपयाच्या बाबतींत त्याच्याहि नंतर टिकली. रुपयाच्या मार्गानें सोन्याची चोरटी आयात होऊं लागल्यामुळें १९५९ मध्यें रिझर्व्ह बँकेनें आखातापुरत्या निराळ्या नोटा काढल्या. परंतु १९६१ मध्यें कुवेतनें आणि १९६५ मध्यें बहारीननें आपलें नाणें सुरू केलें, आणि जून १९६६ मध्यें रुपयाचें अवमूल्यन होतांच बाकीच्या संस्थानांनींहि रुपयास रजा दिली. ओमाननें तो १९७० पर्यंत ठेवला. नंतर तीनच वर्षांनीं, १९७३ मध्यें, खनिज तेलाचे भाव भडकले आणि आखाताचीं दारें मजुरांस उघडलीं. रायगडांतील म्हसळें, श्रीवर्धन, माणगांव ह्या बाजूचीं कित्येक मुसलमान कुटुंबें ह्या वाटेनें गेलीं आणि त्या गांवांतील घरांचें रूप पालटलें. इकडे १८ जानेवारी १९८२ रोजीं मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि कोंकणची शंभर वर्षांची मुंबईची मनीऑर्डर आटत गेली. एक वाट बंद होत असतांना दुसरी रुंदावत होती.

ह्या नव्या वाटेवर सरकारनें १९७० मध्यें परदेशस्थ हिंदी लोकांकरितां निराळीं बँकखातीं निर्माण केलीं. तरी ड्राफ्ट टपालानें यावयाचा, वटावयास आठवडे लागावयाचे. म्हणून पुष्कळांनीं हवाल्याचा मार्ग धरला. हवाला हा जुन्या हुंडीचाच वंशज. पैसा जलद पोंचवितो, दरहि बरा देतो. पण त्यांत कागद नाहीं, पावती नाहीं, तक्रारीस जागा नाहीं, आणि तो कायद्याविरुद्ध आहे. पोंचपावतीसाठीं आपल्या आजोबांनीं जी वाट पाहिली ती सोडून ओळखीच्या युगांत परत जाणें, असा त्याचा अर्थ होतो.

मुक्कामाचा प्रश्न मात्र ह्या साऱ्या काळांत जागच्या जागीं होता. ऑगस्ट १९९० मध्यें इराकनें कुवेत घेतलें. कुवेती दिनार रद्द ठरला, बँका बंद झाल्या, आणि पावणेदोन लाखांच्या सुमारास हिंदी माणसांस विमानांनीं मायदेशीं आणावें लागलें. ज्यांची शिल्लक तिकडच्या बँकेंत होती ते हात हालवीत परतले. ज्यांनीं महिन्याचे महिन्याला घरीं धाडली होती त्यांचा संसार उभा राहिला. ह्यावरून 'पैसा आपल्या गांवीं, आपल्या ओळखीच्या बँकेंत असावा' असा निष्कर्ष कोणीहि काढील, आणि पुष्कळांनीं तो काढलाहि. त्याला उत्तर मिळालें तें वीस वर्षांनीं, आणि गडबपासून फार दूर नव्हे, खुद्द पेणेंत. सप्टेंबर २०१० मध्यें रिझर्व्ह बँकेनें पेण को-ऑपरेटिव्ह अर्बन बँकेच्या व्यवहारांवर निर्बंध घातले. चौकशींत बनावट कर्जखात्यांच्या द्वारें शेंकडों कोटी रुपये गेल्याचें उघडकीस आलें; २०१४ मध्यें तिचा परवाना रद्द झाला. लाखाहून अधिक ठेवीदार, आणि त्यांत निवृत्तांचे, शेतकऱ्यांचे, गणपतीच्या मूर्ति घडविणाऱ्या कारागिरांच्या पेणेंतील सामान्य माणसांचे संसार अडकले. ही बँक परकी नव्हती. तिचा फलक रोज दृष्टीस पडत होता आणि तिचे संचालक रस्त्यांत भेटत होते.

१९९० आणि २०१० हीं दोन उदाहरणें शेजारींशेजारीं ठेवलीं म्हणजे एक गोष्ट स्पष्ट होते. दूर ठेवलेला पैसा बुडाला आणि जवळ ठेवलेलाहि बुडाला. तेव्हां जवळीक किंवा ओळख ही सुरक्षिततेची खूण नव्हे. ज्याची ओळख त्याचीच हुंडी, ह्या जुन्या जगाचा संस्कार आपल्या मनांवर इतका खोल आहे कीं, बँकेचा मॅनेजर आपल्या ओळखीचा आहे एवढ्यावर आपण ठेव ठेवतों. १८८० च्या मनीऑर्डरीनें पैसा पाठवितांना ओळखीची गरज संपविली. पैसा ठेवतांना ती आपण अजून संपविलेली नाहीं. विचारावयास हवें तें असें: ही बँक बुडाली तर मला पैसे देण्यास कायद्यानें कोण बांधलेला आहे, किती रकमेपर्यंत, आणि किती दिवसांत?

आज ह्या प्रश्नाचें उत्तर पूर्वींपेक्षां बरें आहे. ठेवविम्याची मर्यादा १९९३ पासून एक लाख होती. ती ४ फेब्रुवारी २०२० पासून पांच लाख झाली. २०२१ च्या दुरुस्तीनें, रिझर्व्ह बँकेनें निर्बंध घातल्यापासून नव्वद दिवसांत विम्याची रक्कम ठेवीदारास मिळावी असें ठरलें. पेणच्या ठेवीदारांच्या वेळीं ही तरतूद नव्हती. परंतु पांच लाखांची ही मर्यादा एका बँकेंतील एका माणसाच्या मुद्दल-व्याजासह सर्व ठेवींस मिळून आहे, शाखेगणिक नव्हे, हें पुष्कळ सुशिक्षितांसहि ठाऊक नसतें.

पैसा किती येतो हेंहि लक्षांत घेण्याजोगें आहे. जागतिक बँकेच्या अंदाजाप्रमाणें २०२४ मध्यें परदेशस्थ भारतीयांनीं सुमारें १२९ अब्ज डॉलर मायदेशीं धाडले, आणि रिझर्व्ह बँकेच्या २०२३-२४ च्या पाहणीप्रमाणें त्यांतील पांचवा हिस्सा, म्हणजे कोणत्याहि राज्यापेक्षां अधिक, एकट्या महाराष्ट्रांत आला. आणि हुंडणावळ? लहान रकमेस जगभरचा सरासरी खर्च अजून शेंकडा सहाच्या वर आहे. आखातांतून इकडे येणाऱ्या पैशास तो पुष्कळ कमी पडतो, हें खरें. तरी त्या काळीं देशांतल्या देशांत कां होईना, पण शेंकडा सव्वा रुपयांत पैसे घरपोंच देणाऱ्या टपालखात्याची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं. हा खर्च बहुधा 'शुल्क नाहीं' म्हणणाऱ्यांच्या दरांत दडलेला असतो. साहेबाचा रुपया उघडपणें उतरला. आपला दिनार वा दिरहाम दोन दरांमधल्या फटींतून गळतो.

मीं त्या मुलास सांगितलें तें थोडक्यांत असें. परदेशस्थ ठरल्यावर गांवचें साधें बचतखातें तसेंच चालवितां येत नाहीं, तें एन.आर.ओ. खात्यांत बदलून घ्यावें, इकडचें उत्पन्न त्यांत जमा करावें, आणि तिकडच्या कमाईसाठीं निराळें एन.आर.ई. खातें काढावें, कारण त्यांतली रक्कम पुन्हां बाहेर नेतां येते आणि त्यावरील व्याजास येथें प्राप्तिकर नाहीं. पाठवितांना शुल्क विचारूं नये. हजार दिरहाम दिल्यावर आईच्या खात्यावर नेमके किती रुपये पडतील तें दोनतीन ठिकाणीं विचारावें. तिकडे चार महिन्यांच्या खर्चापेक्षां अधिक शिल्लक सांठवूं नये. इकडे एकाच बँकेंत पांच लाखांवर जाऊं नये, मग ती कितीहि मोठी असो. व्याज इतरांपेक्षां फार अधिक देणाऱ्या बँकेस त्याचें कारण विचारावें. प्रत्येक ठेवीवर आईचें नांव वारस म्हणून लावावें, आणि तिच्या नांवें आलेला पैसा तिनें स्वतः पासबुकांत भरून घ्यावा. दुसऱ्यानें फोनवर वाचून दाखविलेला आंकडा ही पोंचपावती नव्हे.

मुलानें हें सर्व लिहून घेतलें. आईनें एवढेंच विचारलें कीं, पोस्टांत ठेवले तर त्यांची हमी कोणाची. सरकारची, असें मीं सांगितल्यावर ती म्हणाली कीं, मग निम्मे पोस्टांत ठेवीन, व्याज थोडें का असेना. पुढच्या आठवड्यांत तिनें गांवाजवळच्या टपालकचेरींत जाऊन खातें काढल्याचें मुलानें निघण्यापूर्वीं कळविलें.